विश्लेषण : सिनेमा विसरले, संगीत जपले… ‘ट्रॉन’च्या चाहत्यांचे असे का झाले?

‘ट्रॉन : एरीस’ १० ऑक्टोबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे संगीत चाहत्यांच्या कानात तीन आठवड्यांपासून घोळत होते. ‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकी बँडचा २४ ट्रॅकचा अल्बम १९ सप्टेंबरलाच आला होता आणि त्यातले मुख्य गाणे तर जुलैतच. म्हणजे अनेकांनी आधी संगीत ऐकले, ते त्यांना आवडले आणि मग तिकीट काढायचे की नाही, याचा विचार केला. पुरेशा लोकांनी तिकीट काढलेच नाही. जगभरातली कमाई सुमारे १४ कोटी डॉलरवर थांबली आणि निर्मितीखर्च मात्र १८ कोटी डॉलरहून अधिक असल्याच्या बातम्या होत्या. अल्बमचे कौतुक सुरूच राहिले. ‘ट्रॉन’च्या बाबतीत हे पहिल्यांदा घडलेले नाही. १५ वर्षांपूर्वीच्या ‘ट्रॉन : लेगसी’चेही असेच झाले होते. एका मालिकेतला सिनेमा बाजूला पडतो आणि त्याचे पार्श्वसंगीत मात्र लोक वर्षानुवर्षे जपतात, हे कसे?

‘ट्रॉन’ म्हणजे काय?

मूळ ‘ट्रॉन’ १९८२ चा. दिग्दर्शक स्टीव्हन लिस्बर्गर, निर्मिती डिस्नेची. केव्हिन फ्लिन हा हुशार प्रोग्रॅमर आपल्या जुन्या कंपनीच्या संगणकात अक्षरशः खेचला जातो. तिथे प्रोग्रॅम माणसांसारखे वावरतात आणि खेळाच्या मैदानात एकमेकांना संपवतात. आज ही कल्पना नेहमीची वाटेल, पण तेव्हा घरात संगणक असणे हीच चैन होती. १५ ते २० मिनिटांची संगणकनिर्मित दृश्ये हे त्या काळी धाडस होते. ऑस्करमध्ये चित्रपटाला वेशभूषा आणि ध्वनी या विभागांत नामांकने मिळाली, दृश्यपरिणामांसाठी मात्र नाही. संगणक वापरणे ही तेव्हा एक प्रकारची लबाडी मानली गेली, असे लिस्बर्गर नंतर अनेकदा सांगत आले आहेत.

तिकीटबारीवर हा चित्रपट बेताचाच चालला. पण काळ्या पडद्यावर निळ्या-केशरी उजेडाच्या रेघा, मागे भिंत सोडत धावणाऱ्या ‘लाइट सायकल’ मोटारसायकली आणि हातातली तबकडी हेच शस्त्र, या गोष्टी एका पिढीच्या डोक्यात कायमच्या बसल्या. ही पिढी पुढे संगणक क्षेत्रात गेली, खेळ बनवू लागली, सिनेमे बनवू लागली. मालिकेचा खरा चाहतावर्ग हा असा, चित्रपटगृहाबाहेर तयार झालेला.

लेगसीला संगीत मिळाले कसे?

दुसरा भाग यायला २८ वर्षे लागली. जोसेफ कोसिन्स्की हा वास्तुकलेचे शिक्षण घेतलेला आणि एकही पूर्ण लांबीचा चित्रपट न केलेला दिग्दर्शक डिस्नेने निवडला. सॅन डिएगोच्या ‘कॉमिक-कॉन’मध्ये २००८ साली काहीही गाजावाजा न करता एक छोटी चाचणी-फीत दाखवण्यात आली. तिथल्या प्रेक्षकांच्या जल्लोषाने चित्रपट पुढे सरकला. चाहत्यांच्या प्रतिसादावर मोठे स्टुडिओ कसे पाऊल उचलतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

संगीतासाठी आले ‘डाफ्ट पंक’. थॉमस बँगाल्टर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो ही फ्रेंच जोडी. दोघे सार्वजनिक ठिकाणी कायम यंत्रमानवाची शिरस्त्राणे घालून वावरत. यंत्राच्या पोटातल्या जगाच्या गोष्टीला यंत्रमानवांनीच संगीत द्यायचे, ही कल्पना ऐकताच पटणारी होती. एवढी सरळ जुळणी सिनेमाच्या धंद्यात क्वचितच होते. बातमी फुटल्यापासूनच चाहत्यांनी मनातल्या मनात अल्बम तयार करून टाकला होता. ठेका धरायला लावणारा, नाचवणारा, २००७ च्या त्यांच्या गाजलेल्या दौऱ्यासारखा.

प्रत्यक्षात आले ते वेगळेच. दोघे चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच कामाला लागले होते. संगीतकार जोसेफ ट्रापानीज यांनी त्यांच्या रचना वाद्यवृंदासाठी बसवून दिल्या आणि लंडनच्या ‘एअर’ स्टुडिओत ८५ वादकांच्या वाद्यवृंदाने त्या वाजवल्या. सिंथेसायझर होतेच, पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून व्हायोलिन, चेलो आणि पितळी वाद्ये होती. नाचायला म्हणावा असा ट्रॅक एकच, ‘डिरेझ्ड’. तोही पावणेदोन मिनिटांत संपतो.

मग चाहते तेव्हा खूश होते का?

आज कुणालाही विचारा, लेगसीचे संगीत म्हणजे निर्विवाद उत्तम असेच ऐकायला मिळेल. डिसेंबर २०१० मध्ये मात्र ते निर्विवाद मुळीच नव्हते. तीन वेगवेगळे गट तीन वेगवेगळ्या कारणांनी कुरकुरत होते.

पहिला गट डाफ्ट पंकच्या चाहत्यांचा. २००५ नंतर त्यांचा स्टुडिओ अल्बम आलेला नव्हता. पाच वर्षे वाट पाहून हाती काय आले, तर गंभीर चेहऱ्याचे तंतुवाद्यांचे संगीत आणि दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे २२ ट्रॅक. सगळे मिळून तासाभराच्या आत. सूर लागतो न लागतो तोच ट्रॅक संपतो, ही तक्रार तेव्हा सर्रास होती. तिच्यात तथ्यही होते. पार्श्वसंगीत दृश्याच्या लांबीने चालते, श्रोत्याच्या मर्जीने नाही.

दुसरा गट चित्रपटसंगीताच्या मुरलेल्या श्रोत्यांचा. त्यांना यात हान्स झिमर यांच्या बॅटमनपटांची सावली दिसत होती. नाव मोठे, पण नवे काय, असा त्यांचा सूर होता.

तिसरा गट मूळ ‘ट्रॉन’च्या निष्ठावंतांचा. त्यांची तक्रार सर्वांत रास्त होती आणि सर्वांत कमी ऐकली गेली. तिच्याकडे पुढे येऊच.

भरीस भर म्हणजे अल्बमच्या विक्रीची तऱ्हा. वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळे जादा ट्रॅक ठेवले गेले होते. सगळे संगीत हवे असेल तर तोच अल्बम दोनतीनदा विकत घ्या, असा मामला. हे विखुरलेले ट्रॅक स्ट्रीमिंगवर एकत्र यायला २०२० उजाडले. ज्या चाहत्यांनी दहा वर्षे ते तुकडे गोळा करून आपापली यादी बनवली, त्यांच्या दृष्टीने हा अधिकृत संपूर्ण अल्बम म्हणजे वरातीमागून आलेले घोडे होते.

चित्रपटाबद्दल मात्र मतभेद कमी होते. दृश्ये अप्रतिम, गोष्ट विसविशीत. तरुण दिसणाऱ्या जेफ ब्रिजेस यांचा संगणकाने घडवलेला चेहरा अनेकांना खटकला. ‘दोन तासांचा म्युझिक व्हिडीओ’ ही टीका तेव्हा इतकी रूढ झाली की पुढे पुढे चाहतेच ती कौतुक म्हणून वापरू लागले. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ४० कोटी डॉलर कमावले. तोटा म्हणता येणार नाही, पण डिस्नेला हवी होती तशी मालिका त्यातून उभी राहिली नाही. कोसिन्स्की यांचा ठरलेला पुढचा भाग २०१५ मध्ये गुंडाळण्यात आला.

मत बदलले कशाने?

इथे संगीताच्या बांधणीकडे पाहावे लागते. लेगसीच्या ‘ओव्हर्चर’मध्ये एक छोटी, चढत जाणारी धून पितळी वाद्यांवर ऐकू येते. अवघ्या काही स्वरांची. हीच धून पुढे ‘फ्लिन लिव्ह्ज’मध्ये, शेवटच्या प्रसंगात आणि श्रेयनामावलीच्या वेळी परतते. दरवेळी तिचा पोशाख वेगळा असतो. कधी संथ आणि हळवी, कधी ढोलांच्या गडगडाटावर स्वार. एका पात्राला किंवा भावनेला एक धून बांधून द्यायची आणि ती गोष्टीबरोबर वाढवायची, ही पद्धत ऑपेरातून सिनेमात आली आणि ‘स्टार वॉर्स’ने ती घराघरांत नेली. डाफ्ट पंकने ती शिस्तीत पाळली.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. ‘द सन ऑफ फ्लिन’ सुरू होतो सिंथेसायझरच्या भरभर फिरणाऱ्या स्वरमालिकेने. मग अलगद तंतुवाद्ये येतात आणि काही वेळाने यंत्र कुठे थांबले व माणूस कुठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. नृत्यसंगीतात एकच आकृती पुन:पुन्हा वाजवून हळूहळू रंग बदलत नेतात. तेच तंत्र इथे ८५ वादकांकडून करवून घेतले आहे. दोन जगांच्या सीमेवरची गोष्ट संवादांत नीट सांगता आली नाही, ती संगीताने सांगितली. ‘अडाजिओ फॉर ट्रॉन’मधला एकटा चेलो ऐकताना ज्या पात्राचा शोक होतो, ते पात्र पडद्यावर धड उभेही राहिलेले नाही. संगीताने पटकथेचे काम केले, असे म्हणतात ते हेच.

आणि या संगीतात जवळजवळ शब्दच नाहीत. ही साधी बाब फार महत्त्वाची ठरली. अभ्यास करताना, कोड लिहिताना, रात्री गाडी चालवताना लावून ठेवायला ते सोयीचे. आपल्याकडेही सिनेमा पडला आणि गाणी राहिली, ही गोष्ट नवी नाही. १९७० चा ‘मेरा नाम जोकर’ हे त्याचे ठळक उदाहरण. पण तिथे गाणे मुळातच सिनेमाबाहेर, रेडिओवर जगायला तयार केलेले असते. पार्श्वसंगीताला ती मुभा नसते. दृश्याखाली राहणे हेच त्याचे काम. लेगसीचे पार्श्वसंगीत दृश्याखालून निसटले आणि लोकांच्या रोजच्या दिवसात शिरले. चित्रपट एकदा पाहिलेला माणूस त्याचे संगीत शेकडो वेळा ऐकतो, तेव्हा त्याच्या आठवणीतला चित्रपटही हळूहळू त्या संगीतासारखा होत जातो. ‘लेगसी तेव्हा समजला नाही’ असे आज म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे असे झालेले दिसते.

बाहेरच्या घटनांनीही हातभार लावला. एप्रिल २०११ मध्ये याच रचनांचा रीमिक्स अल्बम आला. शांघायच्या डिस्नेलँडमध्ये २०१६ साली आणि फ्लोरिडात २०२३ साली ‘लाइट सायकल’ची राइड सुरू झाली. तिच्या संगीतासाठी पुन्हा ट्रापानीज यांनाच बोलावले गेले. कोसिन्स्की यांनी पुढे ‘टॉप गन : मॅव्हरिक’ आणि ‘एफ१’ केले, त्यामुळे त्यांचा पहिला चित्रपट लोक नव्याने पाहू लागले. आणि २२ फेब्रुवारी २०२१ रोजी डाफ्ट पंकने एक ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध करून आपण थांबत असल्याचे जाहीर केले. एखादा कलावंत थांबला की त्याची कमी ऐकलेली कामे वर येतात. लेगसी हा या जोडीने चित्रपटासाठी एकत्र रचलेला एकमेव पूर्ण लांबीचा वाद्यवृंदीय अल्बम ठरला. बँगाल्टर यांनी २०२२ मध्ये यंत्रांना हातही न लावता संपूर्ण वाद्यवृंदासाठी बॅलेचे संगीत दिले, तेव्हा लेगसीतली तंतुवाद्ये ही हौस नव्हती, ती त्यांची खरी दिशा होती, हे उशिराने का होईना उमगले.

ऑस्करचा योगायोग

लेगसीला संगीताचे ऑस्कर नामांकन मिळाले नाही. ध्वनिसंकलनासाठी तेवढे मिळाले. चाहत्यांना ती सल अजून आहे. त्या वर्षी संगीताचे ऑस्कर कुणी नेले? ‘द सोशल नेटवर्क’साठी ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांनी. रेझनर हेच नाइन इंच नेल्सचे संस्थापक आणि रॉस हे आज या बँडचे दुसरे अधिकृत सदस्य. ज्यांच्यासमोर लेगसीची दखल घेतली गेली नाही, त्यांच्याच हाती पुढचा ‘ट्रॉन’ आला.

दुवे इथेच संपत नाहीत. लेगसीच्या रीमिक्स अल्बमात ‘एंड ऑफ लाइन’ या ट्रॅकचे रूपांतर करणारा जर्मन निर्माता ‘बॉइज नॉइझ’ एरीसच्या संगीतातही सहभागी आहे.

एरीसचे संगीत वेगळे कसे?

रेझनर-रॉस यांनी आजवर चित्रपटांना स्वतःच्या नावाने संगीत दिले होते. यावेळी प्रथमच ते बँडच्या नावाने दिले गेले. हा निव्वळ श्रेयनामावलीतला फरक नाही. रेझनर-रॉस म्हणजे ‘सोल’सारखा हळुवार चित्रपटही करणारे संगीतकार. नाइन इंच नेल्स म्हणजे १९८९ पासूनचा राग, गंजलेल्या लोखंडाचा आवाज आणि गर्दीने गच्च भरलेले स्टेडियम. डिस्नेला दुसरे हवे होते.

त्यांनी वाद्यवृंद बाजूला ठेवला. लेगसीची भव्यता टाळली. एरीसमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक सैनिक-प्रोग्रॅम खऱ्या जगात अवतरतो आणि २९ मिनिटांत त्याची राख होते. त्याला कायमचे जगायचे आहे. संगीत त्याच्याच बाजूने, यंत्राच्या आतून ऐकू येते. धारदार, काही जागी मुद्दाम त्रासदायक. या प्रोग्रॅमला ‘डिपेश मोड’ हा ब्रिटिश सिंथ-पॉप बँड आवडतो, असा एक गमतीचा प्रसंग चित्रपटात आहे. एवढा सूचक विनोद बाकीच्या पटकथेत असता तर बरे झाले असते.

चाहत्यांची प्रतिक्रिया पुन्हा फुटली, पण यावेळी भेगा निराळ्या होत्या. लेगसीचे चाहते चिडले ते कथेवर. त्या चित्रपटाच्या अखेरीस खऱ्या जगात आलेली क्वोरा आणि तिचा साथी सॅम फ्लिन यांचे पुढे काय झाले, याची १५ वर्षे वाट पाहिल्यावर दोघेही नव्या चित्रपटात नव्हते. ऑलिव्हिया वाइल्ड नाही, गॅरेट हेडलंड नाही. जॅरेड लेटो यांच्या निवडीवरही नाराजी होती. संगीतावर मात्र भांडण झाले ते प्रेमाचे. डाफ्ट पंक मोठे की नाइन इंच नेल्स, हा वाद घालणारे दोन्ही पक्ष मनातून दोन्ही अल्बम ऐकत होते. काहींना लेगसीसारखी एखादी गुणगुणता येणारी धून हवी होती आणि ती सापडली नाही. काहींना नेमके तेच आवडले. १५ वर्षांपूर्वी ‘हे डाफ्ट पंकसारखे नाही’ म्हणून नाक मुरडले गेले होते. आता ‘हे लेगसीसारखे नाही’ म्हणून. तेव्हा नाकारलेली गोष्टच आता मापदंड झाली होती.

स्टुडिओचे गणित कुठे चुकले?

मोठ्या बँडचे नाव घेतले की त्याचा चाहतावर्ग चित्रपटगृहात येईल, असा हिशेब यामागे असावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाइन इंच नेल्सचा अमेरिका दौरा सुरू होता आणि चित्रपटातले गाणे तिथे वाजत होते. याहून चांगली जाहिरात विकत मिळत नाही. पण अमेरिकेतली पहिल्या आठवडाअखेरची कमाई सुमारे ३.३ कोटी डॉलर झाली. लेगसीने १५ वर्षांपूर्वीच्या तिकीटदरांत ४.४ कोटी कमावले होते.

अल्बम चांगला असणे इथे आडवेच आले की काय, अशी शंका घेता येते. २०१० मध्ये लेगसीचे संगीत पूर्ण ताकदीने ऐकायचे तर आयमॅक्स चित्रपटगृहात जाण्यात अर्थ होता. २०२५ मध्ये चांगले हेडफोन आणि महिन्याच्या वर्गणीत सगळे काही खिशात आहे. ज्याला फक्त संगीत हवे होते, त्याला ते तीन आठवडे आधी, घरबसल्या मिळाले. तरीही जे गेले त्यांच्यातले अनेक जण मोठ्या पडद्यापेक्षा मोठ्या आवाजासाठी गेले, हे त्यांच्या बोलण्यातून स्पष्ट होते. त्यामुळे या मालिकेचे पुढे काय, हा प्रश्न आज २०१५ पेक्षाही अवघड झाला आहे. पुढचा ‘ट्रॉन’ आला नाही, तर पुढचा अल्बमही येणार नाही.

आणि वेंडी कार्लोस?

आता त्या तिसऱ्या गटाची तक्रार. १९८२ च्या ‘ट्रॉन’चे संगीत वेंडी कार्लोस यांचे. सिंथेसायझर हे प्रयोगशाळेतले खेळणे नसून वाद्य आहे, हे १९६८ च्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या अल्बमने जगाला पटवणाऱ्या त्याच. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ आणि ‘द शायनिंग’ या चित्रपटांनाही त्यांचे संगीत होते. ‘ट्रॉन’साठी त्यांनी सिंथेसायझर आणि लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद एकत्र आणले. यंत्र आणि वाद्यवृंद यांचे जे लग्न लावल्याबद्दल लेगसीचे कौतुक होते, ते कार्लोस यांनी २८ वर्षे आधी, कितीतरी अडचणीच्या साधनांनिशी लावले होते. डाफ्ट पंकने आपल्यावरील प्रभावांत त्यांचे नाव आदराने घेतले, पण त्यांची मूळ धून लेगसीत ठळकपणे परतत नाही. गंमत म्हणजे १९८२ च्या चित्रपटात दोन रचना देणाऱ्या ‘जर्नी’ या रॉक बँडची आठवण लेगसीने ठेवली. सॅम धुळीने माखलेल्या आर्केडची वीज सुरू करतो तेव्हा त्यांचेच गाणे वाजू लागते.

कार्लोस यांच्या ‘ट्रॉन’ची सीडी यायला २००२ उजाडले. जुन्या चुंबकीय फिती इतक्या खराब झाल्या होत्या की त्या मंद आचेवर अक्षरशः भाजून मगच वाजवता आल्या. त्यांचे इतर बरेचसे काम आजही अधिकृतपणे सहज ऐकायला मिळत नाही.

मूळ चित्रपटातली लाइट सायकलची शर्यत आठवून पाहा. मालिकेतले सर्वांत गाजलेले दृश्य. त्यात संगीत नाही. केवळ मोटारींची घरघर आणि वळणांचे आवाज. कार्लोस यांनी त्या दृश्यासाठी संगीत रचले होते, ते अखेरच्या संकलनात वगळले गेले. चित्रपटाच्या डीव्हीडीत ते जादा भाग म्हणून दिलेले आहे, त्याच दृश्याला जोडून. जुने चाहते नव्या चाहत्यांना आधी लेगसी ऐकवतात, मग एरीस, आणि शेवटी हे दृश्य लावतात.